नोंद आणि निरोप

परदेशी वसलेल्या आपल्या समाजाच्या स्मरणिकेत काय लिहावे, याचा एक साचाच होऊन बसला आहे. पूर्वजांनी उपसलेले कष्ट आठवावेत, त्यांनी जपलेल्या भाषेचा व सणवारांचा अभिमान सांगावा, आणि शेवटी तरुण पिढीस उपदेशाचे चार शब्द ऐकवून वाचकांची रजा घ्यावी. या साच्यात वाईट असे काही नाही. प्रस्तुत लेखिकेनेही आजवर त्याच वाटेने अनेक पाने भरली आहेत. परंतु या वर्षी एका लहानशा घरगुती प्रसंगाने मनाला असा चटका लावला की, पूर्वजांचे स्मरण करीत असतानाच एका अगदी आजच्या आणि वरवर पाहता क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे वाटू लागले. तो प्रश्न असा : शाळेत लहान मुलाला लागले, तर ते घरी केव्हा, कोणी आणि कोणत्या शब्दांत कळवावे?

माझा मुलगा व सून नोकरीनिमित्त दुबईत असतात आणि मी निवृत्त झाल्यापासून वर्षातील काही महिने त्यांच्याकडे घालविते. माझी नात चार वर्षांची आहे. मे महिन्यातील एका दुपारी ती शाळेच्या बसमधून उतरली ती गप्प गप्पच. एरवी जिना चढता चढता दिवसभराच्या साऱ्या वार्ता सांगणारी पोर त्या दिवशी माझे बोट धरून मुकाट्याने वर आली, जेवण अर्धे टाकून उठली आणि माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेली. उन्हाने थकली असेल, असे मी मनाशी म्हटले. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. सकाळी मी तिच्या दोन वेण्या घातल्या होत्या त्या सैल होत्या. आता त्या घट्ट, नीटनेटक्या आणि निराळ्या पद्धतीने बांधलेल्या होत्या. कोणा मायाळू बाईने पोरीचे केस विंचरून दिले असतील, असे वाटून मला उलट बरेच वाटले.

रात्री नऊच्या सुमारास ती दचकून उठली आणि तिला उलटी झाली. थोड्या वेळाने पुन्हा झाली. सुनेने तिला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरविला, तेव्हा मागच्या बाजूस केसांखाली तिच्या बोटांना चांगले मोठे टेंगूळ लागले. "काय झालं बाळा?" म्हणून विचारता पोर एवढेच म्हणाली, "बाऊ झाला." कुठे, कधी, कसा, हे सांगणे तिच्या शक्तीबाहेरचे होते.

इस्पितळातील डॉक्टरांनी पहिले तीन प्रश्न विचारले. किती वाजता लागले? किती उंचीवरून पडली? पडल्यावर क्षणभर तरी बेशुद्ध झाली होती काय? आई, बाप आणि आजी अशी आम्ही तिघे मोठी माणसे तिच्यापाशी उभी होतो आणि तिघांपैकी एकालाही एकाही प्रश्नाचे उत्तर देता येईना. शाळेचे कार्यालय केव्हाच बंद झाले होते. वर्गशिक्षिकेचा दूरध्वनी क्रमांक पालकांना देण्याची त्या शाळेत पद्धत नव्हती. ती सारी रात्र पोरीला देखरेखीखाली ठेवण्यात आले. दर तासाला परिचारिका येऊन तिला उठवी, डोळ्यांत प्रकाश टाकून पाही, तिचे नाव विचारी. आणि त्या प्रत्येक तासाला माझ्या सुनेचा चेहरा मी पाहत होते. देवाच्या दयेने पहाटे ती हसली, तिने दूध मागितले आणि सर्व काही निभावले.

दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत गेला. तेथे त्याच्यापुढे एक वही ठेवण्यात आली. तीत लिहिले होते : सकाळी १० वाजून ४० मिनिटे, घसरगुंडीच्या शिडीवरून तोल जाऊन मागे पडली, रडली, शुद्धीवर होती, बर्फाची पिशवी लावली, वर्गात परत पाठविली. खाली सही. डॉक्टरांच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या वहीत सुवाच्य अक्षरांत लिहिलेली होती. ज्या बाईने बर्फ लावला, तिनेच मोकळे झालेले केस विंचरून वेण्याही घातल्या होत्या. तिने सर्व काही केले. फक्त कोणाला सांगितले नाही. नोंद होती, निरोप नव्हता.

या प्रसंगाबद्दल मी शाळेचे नाव घेणार नाही, कारण दोष एका शाळेचा नाही. आणि त्याहूनही मोठे कारण असे की, त्या बाईच्या जागी मी स्वतः उभी राहिलेली आहे. मॉरिशसमधील प्राथमिक शाळांतून मी अनेक वर्षे मराठी शिकविले. त्या काळात किती मुलांचे फुटलेले गुडघे धुतले, किती जणांना पाणी पाजून "काही नाही हं, शूर आहेस ना?" असे म्हणून वर्गात बसविले, याची गणती नाही. त्यांतील किती जणांच्या घरी निरोप धाडला, असे मला कोणी विचारले, तर मान खाली घालावी लागेल. तेव्हा मला वाटे की, मूल शांत झाले म्हणजे प्रकरण मिटले. घरी जाऊन त्या मुलाला काय झाले, रात्री त्याच्या आईने काय काय तर्क केले, हा विचार मनाला शिवलाही नाही. आजी म्हणून इस्पितळाच्या बाकावर रात्र काढल्यावर शिक्षिकेचे डोळे उघडले, हे कबूल करणे भाग आहे.

नोंद आणि निरोप यांतील अंतर आपल्या समाजाला नवे नाही. मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटाच्या काळातील नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. त्यांत आपल्या पणजोबांचा क्रमांक मिळतो, जहाजाचे नाव मिळते, गावाचे नाव मिळते. आपल्यापैकी पुष्कळांनी त्या पानांवर बोट ठेवून डोळे पुसले आहेत. परंतु त्या वह्या कोणासाठी लिहिल्या गेल्या? रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या खेड्यात वाट पाहत बसलेल्या आईसाठी त्या नव्हत्या. मजूर कोणता, कोणत्या मळ्यावर, किती वर्षांच्या करारावर, हे सरकारला व मालकाला कळावे म्हणून त्या होत्या. पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटाच्या ज्या सोळा पायऱ्या चढून आपले वाडवडील आत गेले, त्या घाटाला २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथे माणसांची नोंद अत्यंत काटेकोर होती. त्यांच्या घरी जाणारा निरोप मात्र महिनोन्‌महिने वाटेत असे, आणि पुष्कळदा पोचतच नसे. नोंद ही ठेवणाऱ्याच्या सोयीसाठी असते आणि निरोप हा ज्याचे माणूस आहे त्याच्यासाठी असतो, हा भेद गिरमिटियांच्या वंशजांना दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता कोणी म्हणेल की, मुलांचे पडणे-झडणे हा बालपणाचा धर्मच आहे. आपल्या आज्यांनी त्याचा एवढा बोभाटा केला होता काय? खरे आहे. परंतु त्या काळी मूल पडत होते ते कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यांदेखत. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या कै. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, १९४५ पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत कार्य केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. त्यातून अंगणवाडी उभी राहिली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. या अंगणवाडीत निरोपाचा प्रश्नच फारसा उद्भवत नसे. पोर रडले तर आईला दारातून ऐकू येई, आणि शिकविणारी बाईही त्याच वस्तीत वावरणारी असे. शाळा जसजशी अंगणापासून दूर गेली, तसतसे आईच्या डोळ्यांचे व कानांचे काम कोणी तरी करणे प्राप्त झाले. ते काम निरोपाचे आहे. शाळा जितकी लांब, तितका निरोप तत्पर हवा, असा हा सरळ हिशेब आहे.

आणि संयुक्त अरब अमिरातीत शाळा खरोखरच लांब असते. मूल भल्या सकाळी बसमध्ये चढते. आई एका टोकाला नोकरीवर, बाप जबल अलीकडे किंवा शारजात. दोघांनाही रस्त्यावरील गर्दीतून शाळेपर्यंत पोचावयास तास दीड तास सहज लागावा. दुपारी मुलाला बसथांब्यावरून घरी आणणारी आया मुलाच्या आईची भाषा बोलतेच असे नाही. आजी-आजोबा पाहुणे म्हणून आलेले. त्यांना शाळेचे इंग्रजी पत्रक वाचता येतेच असेही नाही. वर्गशिक्षिकेकडून बसमधील मदतनीस बाईकडे, तिच्याकडून आयाकडे, आणि आयाकडून संध्याकाळी आईकडे, असे मूल एका दिवसात चार हातांतून जाते. या साखळीतील एका दुव्याने जरी तोंड मिटले, तरी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी घडलेली गोष्ट रात्री नऊपर्यंत आईला कळत नाही. दुबईतील शाळांत परिचारिका व उपचाराची खोली असते; त्याबाबत सरकारी नियम आहेत व तपासणी आहे. म्हणजे उपचाराची सोय उत्तम आहे. उणीव आहे ती उपचारानंतरच्या दोन वाक्यांची.

त्या दोन वाक्यांचे मोल किती, हे डोक्याच्या मारावरून समजेल. डोक्याला लागलेले मूल बहुधा काही वेळाने हसू-खेळू लागते आणि बहुतेकांना पुढे काहीच होत नाही. परंतु थोड्यांच्या बाबतीत गंभीर चिन्हे काही तासांनी प्रकट होतात : पुन्हा पुन्हा होणाऱ्या उलट्या, उठविता न येणारी गुंगी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, चालताना जाणारा तोल, झटके, डोळ्यांच्या बाहुल्यांचा लहानमोठा आकार, नाकाकानातून येणारे पाण्यासारखे स्राव. म्हणूनच निदान पहिला एक दिवस मुलावर लक्ष ठेवण्यास डॉक्टर सांगतात. आता हे लक्ष ठेवणार कोण? शाळा दुपारी बंद होते. पुढचे सर्व तास घरचे असतात. ज्याला पहारा करावयाचा, त्यालाच चोर येऊन गेल्याचे सांगितले नाही, तर पहारा कसला? शिवाय मेंदूचे छायाचित्र काढावे की नुसते निरीक्षण करावे, हा डॉक्टरांचा निर्णय मूल कसे पडले, किती उंचीवरून पडले आणि शुद्ध हरपली होती की नाही, यांवर बराचसा अवलंबून असतो. माहिती नसेल तर एक तर नको ती तपासणी मुलाच्या वाट्याला येते, नाही तर हवी ती होत नाही.

शाळांची बाजूही न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. शिक्षक म्हणतात, रोज डझनावारी मुलांना खरचटते. प्रत्येकासाठी फोन करीत बसलो तर शिकवावयाचे केव्हा? व्यवस्थापक म्हणतात, पालक घाबरून धावत येतात, आरडाओरडा करतात, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात शाळेची बदनामी होते. आणि जे उघड बोलले जात नाही ते असे की, कळविणे म्हणजे चूक कबूल करणे, अशी एक भीती मनात असते. पहिला आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर तारतम्यात आहे. ते पुढे सांगते. दुसऱ्याचे उत्तर असे की, पालक बातमीने जेवढे घाबरत नाहीत तेवढे बातमी लपल्याने घाबरतात. ज्या शाळेने गुडघा खरचटल्याचे चिठ्ठीने कळविले, तिच्या मौनावरही पालक विश्वास ठेवतात : चिठ्ठी नाही, म्हणजे आज काही झाले नाही. आणि तिसऱ्या आक्षेपाविषयी एवढेच सांगावेसे वाटते की, काय घडले हे सांगणे आणि दोष कोणाचा हे ठरविणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. "मूल शिडीवरून पडले" हे वाक्य कोणावरही आरोप करीत नाही. ते न सांगणे हाच पुढे आरोप होऊन बसतो.

इंग्लंडात या बाबतीत स्पष्ट नियम आहे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचा सांभाळ व शिक्षण करणाऱ्या संस्थांनी मुलाला झालेला अपघात किंवा इजा, तसेच दिलेला प्रथमोपचार, त्याच दिवशी अथवा शक्य तितक्या लवकर पालकांना कळविलाच पाहिजे, असे तेथील अधिकृत चौकटीत नमूद आहे. महाराष्ट्र शासनानेही ऑगस्ट २०२४ मध्ये निर्णय काढून शाळेत अनुचित प्रकार घडल्यास चोवीस तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन मुख्याध्यापकांवर घातले. हे योग्यच झाले. परंतु अधिकाऱ्याचे घड्याळ चोवीस तासांचे असले, तरी आईचे घड्याळ तसे नसते.

मग करावे काय? दीर्घ अनुभवाअंती मला सुचलेला क्रम असा. इजेच्या तीन पायऱ्या मानाव्यात. पहिली पायरी साध्या खरचटण्याची. यासाठी फोनची गरज नाही. चार ओळींची छापील चिठ्ठी भरून मुलाच्या दप्तरात घालावी, आणि मुलाला नेणाऱ्या व्यक्तीस, मग ती बसमधील बाई असो की आया असो, तोंडीही सांगावे. दुसरी पायरी अशा इजांची की ज्या वरून किरकोळ दिसल्या तरी किरकोळ मानू नयेत : डोक्याला, डोळ्याला, दाताला किंवा गुप्तांगाला झालेली कोणतीही इजा, उंचावरून पडणे, भाजणे, रक्त येईल असा चावा. येथे मूल हसत असले तरी प्राथमिक उपचार होताच, पाव तासाच्या आत फोन गेलाच पाहिजे. मुलाला घरी न्यावे की वर्गात ठेवावे, हा निर्णय पालकांशी बोलूनच व्हावा. तिसरी पायरी गंभीर दुखापतीची. तेथे आधी ९९८ वर रुग्णवाहिका, मग लगेच पालक. आणि पालक इस्पितळात पोचेपर्यंत शाळेतील ओळखीचे एक मोठे माणूस मुलाचा हात सोडणार नाही, असा नियम.

फोन कोणी करावा, हेही महत्त्वाचे आहे. ज्याने मुलाला प्रत्यक्ष पाहिले त्याने, म्हणजे परिचारिकेने किंवा वर्गशिक्षिकेने करावा. कार्यालयातील लेखनिकाने "आपण ताबडतोब शाळेत या" एवढेच सांगून फोन ठेवला, तर त्या आईचे वाहन रस्त्यावर कसे चालेल याचा विचार करावा. पहिले वाक्य नेहमी मुलाच्या सध्याच्या स्थितीचे असावे : "तुमची मुलगी शुद्धीवर आहे आणि माझ्याजवळ बसली आहे." त्यानंतर काय, कोठे, केव्हा घडले, कोणी पाहिले, काय उपचार केला, घरी कशावर लक्ष ठेवावे. आई भेटली नाही तर बाप, बाप भेटला नाही तर तिसरे नाव. आणि कोणीच भेटले नाही तर केलेल्या प्रयत्नांची वेळ लिहून ठेवून पुन्हा प्रयत्न. दुसऱ्या मुलाने ढकलले असेल, तर त्या मुलाचे नाव मात्र सांगू नये. तेही चार वर्षांचेच असते; त्याच्या आईबापांशी शाळेने स्वतंत्रपणे बोलावे. आणि शेवटी वही : ती जरूर लिहावी, परंतु तिच्यात एक रकाना वाढवावा. "घरी कोणाला सांगितले, किती वाजता?" तो रकाना रिकामा असेल तोवर नोंद पुरी झाली असे मानू नये.

या नियमाला एक गंभीर अपवाद आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुलाच्या अंगावरील खुणा अपघाताच्या न वाटता कोणी तरी केलेल्या इजेच्या वाटतात, तेव्हा प्रश्न केवळ घरी कळविण्याचा राहत नाही. २०१२ साली दुबईत वदीमा नावाच्या आठ वर्षांच्या मुलीचा तिच्या सख्ख्या बापाच्या हातून छळ होऊन अंत झाला. त्या दुर्दैवी बालिकेच्या नावाने ओळखला जाणारा बालहक्क कायदा या देशाने २०१६ साली केला. मुलाच्या सुरक्षिततेला धोका असल्याचे दिसल्यास संबंधित यंत्रणेला कळविणे शिक्षक व डॉक्टर यांना त्या कायद्याने बंधनकारक केले. संशय घरावरच असेल, तर घरी आधी फोन करणे म्हणजे मुलाला पुन्हा त्याच हातांत देणे होय. आणि संशय शाळेतील माणसावर असेल, तर मौन हे त्याहून भयंकर ठरते. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर सफाई कामगाराने अत्याचार केल्याचे उघडकीस आले. ते मुलींच्या बोलण्यावरून घरच्यांना कळले. तक्रार नोंदविण्यासही विलंब झाला. २० ऑगस्टला संतप्त लोकांनी रेल्वेमार्ग अडविला आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. प्रकाराची माहिती असूनही पोलिसांना न कळविल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा नोंदविण्यात आला. असे न कळविणे भारतात २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने गुन्हाच आहे. तेथे मुलींनीही बहुधा आपल्या बोबड्या शब्दांत "बाऊ" असेच काही सांगितले असेल. त्या एका शब्दामागे घसरगुंडी आहे की आणखी काही, हे शोधण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे. आणि साध्या इजा जेथे नियमाने कळविल्या जातात, तेथेच न कळविलेली इजा चटकन डोळ्यांत भरते.

निरोपाचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे गैरहजेरीचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये अबू धाबीत भारतीय कुटुंबातील एक बालवर्गातील मुलगी शाळेच्या बसमध्येच राहिली आणि उष्म्याने गतप्राण झाली. जून २०१९ मध्ये दुबईत एका सहा वर्षांच्या भारतीय मुलाच्या बाबतीत तशीच हृदयद्रावक घटना घडली. सकाळी बसमध्ये चढलेले मूल उतरलेच नाही. त्यानंतर बस रिकामी झाल्याची खात्री करण्याविषयी पुष्कळ बोलले गेले व काटेकोरपणा वाढला. परंतु माझ्या मते त्याबरोबरच वर्गात हजेरी होताच, जे मूल आले नाही त्याच्या घरी तत्काळ एक फोन गेला पाहिजे. "मी तर तिला सात वाजता बसमध्ये बसविले!" हे आईचे उत्तर ऐकताच शाळा बसकडे धावेल. एका निरोपाची किंमत कधी कधी एका जिवाएवढी असते.

आता शेवटी आपल्याकडे, म्हणजे पालकांकडे वळते. मॉरिशसच्या मळ्यांवर एक दिवस कामावर न येणाऱ्या मजुराची दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत होती; तिला 'डबल कट' म्हणत. पोराला ताप असो, पोर पडलेले असो, आई उसाच्या शेतातून निघू शकत नसे. निघाली तर घरची चूल विझे. आज आपल्या नातवंडांच्या आईबापांवर तशी पाळी नाही. तरीही शाळेचा फोन येत असता बैठक चालू आहे म्हणून तो बंद करणारे बाप मी पाहिले आहेत. बदललेला क्रमांक वर्षभर शाळेला न कळविणाऱ्या आयाही पाहिल्या आहेत. ज्या गोष्टीसाठी आपल्या पणज्या तळमळल्या, ती आपल्या खिशात वाजत असता आपण तिला गप्प करावे, हे शोभत नाही. तसेच, खरचटल्याच्या चिठ्ठीवरून शिक्षिकेवर तुटून पडणारा पालक हाच उद्याच्या लपवाछपवीचा जनक असतो. ज्या बाईने खरे सांगितले तिचे आधी आभार मानावेत; प्रश्न विचारावयाचे ते नंतर विचारावेत.

आपल्या मंडळानेही यात थोडे कार्य करावे, अशी माझी नम्र सूचना आहे. इजेच्या चिठ्ठीचा एक सोपा नमुना इंग्रजी, अरबी आणि मराठी अशा तीन भाषांत छापून ज्या शाळांत आपली मुले आहेत त्यांना विनामूल्य द्यावा. डोक्याला लागल्यानंतर कोणत्या चिन्हांवर लक्ष ठेवावे, याचा मराठी तक्ता करून घरोघरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा, म्हणजे माझ्यासारख्या आजीला "उन्हाने थकली असेल" असे म्हणून स्वस्थ बसावे लागणार नाही. मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गापासूनच याचा आरंभ करता येईल. तेथेही मुले पडतात, आणि तेथेही आजवर आपण वहीदेखील ठेवलेली नाही.

मुलाने मात्र त्या दुसऱ्या दिवशी भांडण केले नाही. त्याने त्या बाईंना बोलावून घेऊन त्यांचे आभार मानले, कारण बर्फ त्यांनी लावला होता. मग एवढेच विचारले, "बाई, आम्हांला का नाही सांगितलंत?" बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या म्हणाल्या, "ती रडायची थांबली, म्हणून वाटलं, आता बरी आहे." त्या उत्तरात मला माझाच आवाज ऐकू आला. पुढच्या आठवड्यात त्या शाळेच्या वहीत नवा रकाना आखला गेल्याचे मुलाने सांगितले. परवा नातीच्या दप्तरात एक चिठ्ठी सापडली : "आज सव्वा अकरा वाजता धावताना पडली, उजवे कोपर खरचटले, धुऊन पट्टी लावली. खेळते आहे." मी ती चिठ्ठी वाचली, कोपर पाहिले आणि निश्चिंत मनाने तिला जेवावयास वाढले.